हूं म्हणणारं कोणीतरी

मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने आयुष्यात एक तरी कथा लिहिलेली असते. परीक्षेत. प्रश्नपत्रिकेत मुद्दे दिलेले असतात: लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात पडणे, देवता, सोन्याची कुऱ्हाड, नकार, बक्षीस. मुद्द्यांच्या मध्ये लहान लहान आडव्या रेघा. त्या रेघांच्या जागी वाक्यं भरायची, वर शीर्षक द्यायचं, खाली तात्पर्य लिहायचं आणि गुण घ्यायचे. कथा कशी लिहावी याविषयी बहुतेकांना मिळालेला हा पहिला सल्ला, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचाही. त्यात तसं सगळं असतं. घटनांचा क्रम असतो, पेच असतो, शेवट असतो. फक्त ही गोष्ट सांगायची कुणाला, एवढंच नसतं. परीक्षकाला श्रोता म्हणता येत नाही. त्याला गोष्ट आधीच पाठ असते आणि गठ्ठ्यात पुढचे लाकूडतोडे रांग लावून उभे असतात.

लेखनाविषयीचे प्राथमिक सल्ले पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहावेत, असं मला वाटू लागलं ते यामुळे. हे सल्ले आता चोहीकडून येतात. ‘दाखवा, सांगू नका.’ ‘पहिल्या वाक्यातच वाचकाला पकडा.’ ‘विशेषणं छाटा.’ ‘जे ठाऊक आहे तेच लिहा.’ ‘रोज लिहा.’ यातला एकही सल्ला खोटा नाही. पण तो ज्या प्रसंगातून निघाला तो प्रसंग गळून जातो आणि उरतो नुसता नियम. मग नवा लेखक लिहिण्याआधीच स्वतःच्या वाक्यांवर लाल शाई ओढू लागतो. माझं म्हणणं असं की यातला जवळजवळ प्रत्येक नियम मुळात समोर बसलेल्या माणसाला सांभाळण्याची एक युक्ती होता. माणूस समोरून उठून गेला आणि युक्तीचा कायदा झाला. तो माणूस परत आणून बसवला, तर सल्लाही कळतो आणि गोष्ट सांगण्यातली मजाही परत येते. या पुस्तकाचं सगळं भांडवल एवढंच आहे.

या बाबतीत आपल्या मातीतली सर्वांत जुनी साक्ष गुणाढ्याची. ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. ती पैशाची भाषेत होती आणि तिचा कर्ता प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता, असं परंपरा सांगते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याचीच गोष्ट रचून ठेवली आहे. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, पैशाचीत सात लाख श्लोक लिहिले आणि तेही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती भाषा ऐकून नाक मुरडलं. गुणाढ्य रानात गेला, त्याने अग्निकुंड पेटवलं, आणि एकेक पान मोठ्याने वाचून ते आगीत टाकू लागला. हरणं, डुकरं, रानातली सगळी जनावरं चरणं सोडून भोवती येऊन बसली. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केलं की मांस निःसत्त्व आहे. स्वयंपाक्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं आणि पारधी म्हणाले, करणार काय, रानात एक जण गोष्ट वाचतोय आणि जनावरं खातच नाहीत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. हाती लागला तो एक लाख.

ही दंतकथा मला कुठल्याही साहित्यशास्त्रापेक्षा जास्त शिकवून गेली. गोष्ट चांगली आहे हे कळलं कशावरून? पंडितांच्या अभिप्रायावरून नव्हे. राजाच्या ताटातलं मांस सुकलं त्यावरून. ज्याने ही कथा रचली त्याला श्रोता म्हणजे काय हे नेमकं माहीत होतं.

‘पंचतंत्र’ही तसंच. तीन मठ्ठ राजपुत्र आणि सहा महिन्यांची मुदत, ही त्याची चौकट. त्यांना शिकवणाऱ्या विष्णुशर्म्याला व्याकरणापासून सुरुवात करून चालणारच नव्हतं. पोरं उठून जाऊ नयेत म्हणून गोष्टीच्या पोटात गोष्ट आली आणि आतली गोष्ट संपण्याआधी तिसरी उघडली. आज मालिका आणि वेबसीरिज लिहिणारे हेच करतात आणि त्याला परदेशी नावं देतात.

मराठी गद्याची सुरुवातही ऐकण्यातूनच झाली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांकडून जमवल्या. ज्याने पाहिलं त्याला गाठलं, विचारलं, आणि ‘लीळाचरित्र’ उभं केलं. त्यातली वाक्यं आखूड आहेत, कारण ती बोललेली आहेत. कोण कुठे बसलं होतं, कुणी काय वाढलं, स्वामी काय म्हणाले, आणि लीळा संपते. भावार्थाची झालर नाही. पुढे केशिराजांनी स्वामींचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. याच केशिराजांचा संस्कृतात रचना करण्याकडे ओढा होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थोपवलं. त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. कुठल्या भाषेत लिहायचं हा एवढा मोठा वाद, आणि तो समोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघून एका वाक्यात मिटला. लेखनाविषयी मराठीत दिलेला हा पहिला सल्ला असावा, असं म्हणायचा मोह मला होतो.

कीर्तनकाराने तर या धंद्याचं पूर्ण यंत्रच बांधून ठेवलं आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, मग बुवांना हार आणि बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. आधी विचार मांडायचा, मग तोच विचार गोष्टीत जिवंत करून दाखवायचा. श्रोते पेंगू लागले की बुवा मध्येच नामाचा गजर करायला लावतात, आणि आख्यान ऐन रंगात आलं की थांबून पद म्हणतात. उत्कंठा ताणायची कशी हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी भाद्रपदात एखाद्या देवळात जाऊन मागच्या रांगेत बसावं, आणि बुवांकडे न पाहता लोकांकडे पाहावं. कोकणातल्या दशावताराची गोष्ट त्याहून अवघड. तिथे हातात संहिताच नसते. त्या रात्रीचं आख्यान ठरतं, कथेचा सांगाडा सांगितला जातो आणि संवाद नटाने रंगमंचावर जागच्या जागी रचायचे. पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी उलगडत गोष्ट सांगतात. गोंधळी, वासुदेव, शाहीर यांच्याबद्दल इथे लिहू लागलो तर प्रस्तावना पुस्तकाहून मोठी होईल. शाहिराच्या मागे उभं राहून ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी मात्र विसरू नयेत. घरात आजी गोष्ट सांगताना ‘हूं म्हणा, नाहीतर मी थांबते’ म्हणते, तो हूं आणि हे जी जी एकाच कामाचे: ऐकतोय, पुढे चल.

बायकांच्या कहाण्या ही आणखी वेगळी शाळा. आटपाट नगरात राजा असतो, त्याला आवडती असते, नावडती असते, आणि बस्स. राजाचं नाव नाही, वय नाही, राजवाड्याचं वर्णन नाही. ‘दाखवा, सांगू नका’ हा नियम कहाणीला लावला तर ती पहिल्याच ओळीत नापास होते. ती बिनदिक्कत सांगते. पण व्रत मोडल्यावर घरात काय झालं तिथे आली की थबकते. वाढलेलं ताट, दारातली गाय, कोठीतलं धान्य असं एकेक पुढे ठेवते. जिथे ऐकणारीचा जीव अडकणार तिथे ती सावकाश होते आणि बाकीचं धावत उरकते. कुठे सांगायचं आणि कुठे दाखवायचं याचं इतकं अचूक भान मला कार्यशाळांच्या पुस्तकात आढळलेलं नाही.

अशा सांगणारणींची नावं राहत नाहीत. एक अपवाद इथे नोंदवावासा वाटतो. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी हिने १८६८ साली दख्खनच्या लोककथांचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यातल्या गोष्टी तिला तिच्या आयेने, ॲना लिबराटा डिसूझा हिने, सांगितल्या होत्या. विशेष असं की पुस्तकाच्या सुरुवातीला या ॲनाची स्वतःची हकिगतही छापलेली आहे. साहेबाच्या घरातल्या आयेचं नाव आणि आयुष्य त्या काळात छापून यावं, ते केवळ ती गोष्टी सांगत होती म्हणून.

छापील गोष्ट मराठीत आली ती भाषांतराच्या वाटेने. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापनीती मराठीत निघाली. पुढची काही दशकं उपदेशाची आणि अद्भुताची. खरा बदल हरिभाऊ आपट्यांपासून. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः येऊ लागली. या कादंबरीची नायिका यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते. हरिभाऊंना ती तिऱ्हाइताच्या तोंडून सांगता आली असती, पण विधवेचं दुःख वाचकाच्या कानाशी येऊन बोललं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. आपल्या छोट्या कथांना ते ‘स्फुट गोष्टी’च म्हणत राहिले. पुढे ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि कथेला हक्काचं, दरवर्षी उघडणारं अंगण मिळालं.

मग आला तंत्राचा काळ. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचं. फडके तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते आणि कथेकडेही ते तशाच स्वच्छ नजरेने पाहत: उत्कंठा कशी निर्माण होते, गुंतागुंत किती असावी, कलाटणी कुठे यावी. एका बैठकीत वाचून व्हावी आणि मनावर एकच परिणाम करावा, ही कथेची कसोटी एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नवर लिहिताना मांडली होती. त्या घराण्याशी फडक्यांचं नातं आहे. नंतरच्या पिढ्यांनी फडक्यांची यथेच्छ टिंगल केली. मला ती थोडी अन्यायाची वाटते. कथा ही करण्याची, घडवण्याची वस्तू आहे, ती शिकता येते, असं मराठीत ठामपणे सांगणारे ते पहिलेच. आणि आज त्यांची टिंगल करणारे नवे पटकथालेखकही कलाटणी शोधतातच. फडक्यांची उणीव वेगळी. त्यांचा वाचक फार शहाणा, फार सुखवस्तू आणि फार एकसारखा होता. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांच्यासमोर निराळी माणसं होती. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा त्या दोघांच्या नावावर चाललेला वाद साहित्याच्या इतिहासात तत्त्वाचा म्हणून शिकवला जातो. माझ्या मते त्याचं निम्मं मूळ दोघांपुढे बसलेल्या श्रोत्यांच्या फरकात आहे. (प्रस्तावना लांबवण्याच्या बाबतीत मात्र मी खांडेकरांच्याच पंथातला, हे एव्हाना लक्षात आलं असेल.)

स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचा कणा वाकवला. घटना लहान झाली, मन मोठं झालं, कलाटणी नसली तरी चालू लागलं. याच्या मागे ‘सत्यकथा’ मासिक होतं, १९३३ ते १९८२. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक हस्तलिखित वाचून लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करत: हा परिच्छेद का अडतो, हे पात्र इथे असं का बोलेल. मराठीत लेखनाचं उत्तम शिक्षण झालं ते पुस्तकांतून झालं नाही, या टपालातून झालं. आणि पत्र हे एका माणसाने एका माणसाला लिहिलेलं असतं. चेखॉव्हचा प्रसिद्ध सल्लाही असाच, १८८६ च्या मे महिन्यात भाऊ अलेक्झांडरला लिहिलेल्या पत्रातला. चांदण्या रात्रीचं वर्णन करत बसू नकोस, बांधावर पडलेल्या फुटक्या बाटलीची चमक दाखव, अशा अर्थाचं. एका भावाने दुसऱ्या, जरा शब्दबंबाळ लिहिणाऱ्या भावाला केलेली ती घरगुती सूचना होती. तिचा जगभर नियम झाला.

‘सत्यकथे’चा दिवाणखाना सगळ्यांसाठी उघडा नव्हता, हेही खरं. साठीच्या दशकात लघुअनियतकालिकवाल्यांनी तिच्या अंकाची होळी केली, त्यामागे साठलेला राग होता. ‘शुद्ध लिहा’ हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडलेला सल्ला. त्याने किती जणांची तोंडं बंद केली याचा हिशेब नाही. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम टेकले आणि तमाशाच्या फडातून, लोकनाट्यातून थेट ‘फकिरा’पर्यंत (१९५९) आले. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं, आणि त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’. एकाने मराठी कथेत आजवर न आलेली वस्ती आणली, दुसऱ्याने कादंबरीचं बोलणंच बदललं. नेमाड्यांचं कथा या प्रकाराविषयीचं मत कथालेखकांना चांगलंच झोंबलेलं आहे. ज्याला कथा लिहायची आहे त्याने ते एकदा वाचावं, चिडावं, आणि मग लिहायला बसावं.

याच काळात एक उलटी गोष्ट घडली, तिच्याकडे समीक्षेने पुरेसं पाहिलं नाही. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे छापलेली कथा घेऊन पुन्हा माणसांसमोर उभे राहिले. कथाकथन. माडगूळकर तर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते, म्हणजे कानासाठी लिहिणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय. गावोगावच्या व्याख्यानमालांत, गणपतीच्या मांडवांत हजारो लोक कथा ऐकायला बसले; पुढे व. पु. काळ्यांच्या ध्वनिफिती घरोघर वाजल्या. काही विद्वानांना यात कथेचा ऱ्हास दिसला. मांडवात उभं राहिलं की कुठलं वाक्य जड आहे ते तिथल्या तिथे कळतं, एवढं तरी त्यांनी मान्य करायला हवं होतं.

आता एक ताजं उदाहरण. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी कथेची कार्यशाळा होती. एका मुलीने आजोबांनी बैल विकला त्यावर लिहिलं होतं. सुरुवात अशी: ‘सायंकाळची रम्य वेळ होती. पश्चिम क्षितिजावर तांबूस छटा पसरल्या होत्या. वृद्ध शेतकरी आपल्या लाडक्या सर्जाकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होता.’ शुद्धलेखन बिनचूक. वाचताना तिचाच आवाज पडला. चहाच्या सुट्टीत मी कपाकरता रांगेत उभा होतो आणि ती पुढे मैत्रिणीला सांगत होती: ‘अगं, आजा बैल इकून आला ना, तर कासरा तेवढा घिऊन आला. आज्जी म्हनली, ह्याचं काय करायचं आता? तर म्हनला, ऱ्हाऊ दे, कापडं वाळू घालायला व्हईल. बांधला बी त्यानं अंगणात. पर चार दिस त्याच्यावर कुनी कापड टाकलं नाही बघ.’

मैत्रिणीच्या हातातला कप तसाच राहिला होता.

त्या पाच वाक्यांत एकही सजावटीचं विशेषण नाही. दुःख हा शब्द नाही, डोळे नाहीत, सूर्यास्त नाही. कासरा आहे. आजीचा व्यवहारी प्रश्न आहे, आजोबांचं त्याहून व्यवहारी उत्तर आहे, आणि ज्या दोरीवर कपडा पडत नाही ती दोरी आहे. ‘दाखवा, सांगू नका’, ‘विशेषणं छाटा’, ‘वस्तू बोलू द्या’ हे सगळे धडे तिने कुणी न शिकवता गिरवले होते, आणि शेवटही कुठे थांबायचं तिथेच केला होता. तिला हे येत नव्हतं असं नाही. कागद पुढे आला की मात्र तिच्या समोरून मैत्रीण उठायची आणि परीक्षक येऊन बसायचा. दुपारी मी तिला मैत्रिणीला सांगितलं तेच, तसंच लिहायला सांगितलं. ती म्हणाली, ‘पण सर, ती तर नुसती गोष्ट आहे.’

त्या ‘नुसती’मुळे मी हे पुस्तक लिहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

‘जे ठाऊक आहे तेच लिहा’ या सल्ल्यावर पुस्तकात बरीच जागा खर्ची घातली आहे, कारण तो सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. स्वतःच्या आयुष्याबाहेर जाऊ नये, असा त्याचा अर्थ लावून मुलं वसतिगृह आणि पहिलं प्रेम यांच्यापलीकडे जात नाहीत. जयंत नारळीकर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरले तेव्हा त्यांनी कृष्णविवरावर लिहिलं. तो त्यांचा ठाऊक मुलूख. पण कथा पाठवली ती आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन. बक्षीस मिळालं. जगातल्या मोजक्या माणसांना कळणारा विषय ज्याच्या हातात आहे तो माणूस नाव लपवून, कुणी अनोळखी परीक्षक आपली गोष्ट वाचेल का, हे अजमावत होता. ठाऊक असलेलं लिहिणं म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं ठाऊक नसलेल्यापर्यंत पोचवणं. त्यात दुसरा माणूस आलाच.

‘रोज लिहा’ याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. जमत असेल तर लिहावं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या झुंजार या नायकाच्या पुढच्या पराक्रमासाठी वाचनालयांत रांगा लागल्या, जी. ए. कुलकर्णी धारवाडात बसून अत्यंत सावकाश लिहीत राहिले. दोघांचेही वाचक त्यांना विसरलेले नाहीत.

मजेबद्दल बोलायचं तर मला नेहमी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शाळा नावाची गोष्ट त्यांनी पाहिलेली नव्हती, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा विक्षिप्त उदारपणा, त्याचं धर्मांतर, वर्षानुवर्षांची ताटातूट, उपासमार, प्लेगची छावणी. यातलं कुठलंही प्रकरण रडवायला पुरेसं होतं. बाई मात्र हसत सांगतात, मुख्यतः स्वतःला हसत. वाचताना वाटतं की त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडतायत आणि आपण पलीकडे आहोत. त्यांनी तंत्राचं एकही पुस्तक वाचलेलं नसणार. पण कुठला प्रसंग किती लांबवावा हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत भराभर लिहून काढलं, तेव्हाही त्याची प्रकरणं पाडली नाहीत, रात्री पाडल्या. रोज रात्री श्याम बोलतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. तुरुंगात असलेल्या माणसाने आधी कागदावर श्रोते बसवून घेतले आणि मग तोंड उघडलं.

हे सगळं आताच का, असा प्रश्न येईल. एक कारण असं की ऐकणं परत आलं आहे. कादंबऱ्या मोबाइलवर ऐकल्या जातात, पॉडकास्ट निघतात, स्वयंपाक करताना, लोकलमध्ये लोंबकळताना माणसं कथा कानात घालून असतात. ज्यांनी आयुष्यभर फक्त डोळ्यांसाठी लिहिलं त्यांची वाक्यं वाचणाऱ्या नटाच्या तोंडात अडखळतात. दुसरं कारण यंत्राचं. मुद्दे दिले की रेघा भरून देणारी यंत्रं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. परीक्षेतली कथा ती बिनचूक लिहितात, सूर्यास्तासकट आणि तात्पर्यासकट. नव्या लेखकाला ‘मग मी कशाला लिहू’ असं वाटतं. चार दिवस मोकळी राहिलेली ती दोरी त्याला घरातच सापडेल, असं मी त्याला सांगतो, आणि ती आधी कुणाला तरी तोंडाने सांग, असंही. परदेशांतल्या मराठी मुलांना शनिवार-रविवारी मराठी शिकवणाऱ्या पालकांचा प्रश्न तिसराच: भाषा टिकवायची कशी. व्याकरणाने मुलं कंटाळतात; ‘मग काय झालं?’ हे मात्र त्यांना मराठीत विचारता येतं.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. कादंबरी आणि पटकथा यांना हात लावलेला नाही. पुस्तक छापून कसं आणायचं, स्पर्धेत बक्षीस कसं मिळवायचं, यावर एक ओळही नाही. नामवंतांच्या कथा उतरवून घेऊन त्यांची चिरफाड केलेली नाही. त्या मुळातून वाचाव्यात. जी. एं.च्या कथेवर मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण मी मांडलेला प्रत्येक मुद्दा ते कुठे ना कुठे मोडतात आणि तरीही त्यांची कथा उभी राहते. नवशिक्याने ते आधी पाहू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, आशा बगे, भारत सासणे, मिलिंद बोकील, जयंत पवार, आणि गोव्याकडचे लक्ष्मणराव सरदेसाई यांचे दाखले जागोजागी येतात. पण आवडीनिवडी माझ्या आहेत, आणि त्या वास्तवाकडे झुकलेल्या आहेत. गूढकथेवाल्यांनी भांडायला यावं, जागा ठेवली आहे.

पुस्तक जे करू पाहतं ते असं: एकेक प्रचलित सल्ला घ्यायचा, तो कुणी कुणाला कधी दिला याचा माग काढायचा, कीर्तनात, कहाणीत, लीळेत तो कसा वागतो ते पाहायचं, आणि मग करून पाहायचं. बहुतेक स्वाध्याय तोंडी आहेत. आधी सांगायचं, मग लिहायचं, मग लिहिलेलं त्याच माणसाला वाचून दाखवायचं. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्यांची यात अडचण होणार याची मला कल्पना आहे. पहिल्या स्वाध्यायाला तर वहीही लागत नाही. आज बाजारात, बसमध्ये किंवा बँकेच्या रांगेत जे काही झालं असेल ते रात्री घरात जागं असेल त्याला सांगायचं, आणि तो नेमका कुठल्या वाक्याला मोबाइल उचलतो तेवढं लक्षात ठेवायचं.